प्रचारकवितेतली धार्मिक भाषा कशी वाचावी: नवशिक्यांसाठी पायऱ्या

नाझी जर्मनी, स्टालिनचा सोव्हिएत संघ, माओचा चीन. या तिन्ही राजवटींना धर्मसंस्थांचा वेगळा अधिकार खुपत होता, आणि तिथल्या प्रचारकविता मात्र तारणारा, शपथ, हुतात्म्यांचे रक्त, अनंतकाळ, पहाटेचा प्रकाश अशा शब्दांनी भरलेल्या आहेत. हे पहिल्यांदा लक्षात आले की नवा वाचक असे शब्द अधोरेखित करतो आणि निष्कर्ष काढतो, ‘म्हणजे हा एक धर्मच होता.’ तिथेच वाचन थांबते. खरे काम त्यानंतरचे आहे. धर्मातून काय उचलले हे सहज दिसते. उचलताना काय मुद्दाम मागे ठेवले हे शोधावे लागते, आणि कवितेची सगळी गोम तिथे असते. खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. कविता लहान घ्या, पण सामान पूर्ण घ्या

पहिल्यांदा १२ ते २० ओळींची एकच कविता घ्या. रशियन कवी मायाकोव्स्कीची लेनिनवरची १९२४ सालची दीर्घ कविता कितीही प्रसिद्ध असली तरी तिच्यापासून सुरुवात करू नका. ती पुस्तकभर लांब आहे आणि तिच्यात परस्परविरोधी सूर आहेत.

टेबलावर चार गोष्टी हव्यात. मूळ मजकूर, भाषा येत नसली तरीही. कारण यमक, ओळीचा शेवट आणि एका शब्दाचे वाक्य मूळातच दिसते. दुसरे, शब्दशः भाषांतर. छंदोबद्ध भाषांतर चालत नाही, यमक जुळवण्यासाठी त्यात हमखास नवी विशेषणे घुसतात. तिसरे, कविता पहिल्यांदा कधी आणि कुठे छापली किंवा गायली गेली याची नोंद. आणि चौथे, ज्या धर्मपरंपरेत तो कवी आणि त्याचे श्रोते वाढले तिचा मूळ ग्रंथ.

जर्मन आणि रशियन कवितांसाठी हा ग्रंथ म्हणजे बायबल, आणि ते मराठीत सहज मिळते. सगळे वाचायची गरज नाही. निर्गम १९ ते ३४ (सीनाय पर्वत, आज्ञा, सोन्याचे वासरू), मत्तय २६ ते २८, लूक २२, करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५वा अध्याय आणि प्रकटीकरणाचे शेवटचे दोन अध्याय एवढे नीट वाचले तरी निम्म्याहून अधिक संदर्भ ओळखू येतील. भाषांतर करताना शब्दही तिथलेच वापरा. ‘तारण’च्या जागी ‘मोक्ष’ किंवा ‘प्रेषित’च्या जागी ‘अवतार’ लिहिले की कवितेत नसलेले तत्त्वज्ञान आत शिरते.

२. तारीख आधी, अर्थ नंतर

कवितेखाली तारीख असेल तर ती त्या राजवटीच्या दिनदर्शिकेशी ताडून पाहा. जर्मनीसाठी २० एप्रिल (हिटलरचा वाढदिवस) आणि ९ नोव्हेंबर. सोव्हिएत संघासाठी २१ जानेवारी (लेनिनचा मृत्यू, १९२४), ७ नोव्हेंबर (१९१७ च्या क्रांतीचा दिवस) आणि २१ डिसेंबर (स्टालिनचा अधिकृत वाढदिवस). उत्तर कोरियासाठी १५ एप्रिल. किम इल सुंगच्या या जन्मदिवसाला १९९७ मध्ये ‘सूर्यदिन’ हे नाव दिले गेले, आणि त्याच वर्षी त्याचे जन्मवर्ष १९१२ हे पहिले वर्ष धरून नवी कालगणनाही लागू झाली.

तारीख का महत्त्वाची, हे ९ नोव्हेंबरवरून कळते. १९२३ साली म्युनिकमधला हिटलरचा उठाव फसला. त्यात मेलेल्या १६ जणांना नाझींनी हुतात्मे ठरवले, आणि त्यासाठी वापरलेला जर्मन शब्द हा चर्चमधला, श्रद्धेसाठी रक्त सांडून साक्ष देणाऱ्याचा. १९३५ मध्ये त्यांच्या शवपेट्या म्युनिकच्या क्योनिग्सप्लात्स चौकातल्या दोन खास ‘मंदिरां’त हलवल्या. समारंभात एकेका मृताचे नाव पुकारले जाई आणि जमलेले लोक त्याच्या वतीने ‘हजर!’ म्हणून उत्तर देत. त्या उठावात मिरवलेला, रक्ताने माखलेला झेंडा जपून ठेवला होता; न्यूरेंबर्गच्या मेळाव्यात हिटलर एका हाताने तो धरून नव्या झेंड्यांना त्याचा स्पर्श करून त्यांना ‘पावन’ करी. आता त्या काळच्या कवितेत मेलेले सैनिक उत्तर देतात, झेंडा रक्तातून जिवंत होतो असे आले, तर ती नुसती प्रतिमा नाही. ती प्रत्यक्ष घडणाऱ्या विधीची संहिता आहे. अशा कविता एकट्याने वाचायला लिहिलेल्याच नव्हत्या. समूहाने, ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्षणी म्हणायच्या होत्या. म्हणून दुसऱ्या पायरीवर एवढेच लिहून ठेवा: कोण म्हणणार, कुठे, आणि ऐकणाऱ्याने मध्येच काय म्हणायचे.

३. चार रंगांनी खुणा करा

पहिला रंग धार्मिक शब्दांना: तारणारा, पवित्र, श्रद्धा, शाश्वत. दुसरा प्रसंगांना: पर्वतावर चढणे-उतरणे, रात्रीची तळमळ, थडग्यातून उठणे, वाळवंटातली वाट. तिसरा रचनेला: शपथ, आज्ञांची यादी, ‘मी विश्वास धरतो’ असे श्रद्धावचन, धर्मगुरूने ओळ म्हणायची आणि मंडळींनी तेच पालुपद द्यायचे अशी प्रार्थना. चौथा रंग क्रियापदांना, म्हणजे कवितेतली माणसे प्रत्यक्षात काय करतात त्याला.

नवखे वाचक पहिल्या रंगावर अडकतात. खरा ऐवज तिसऱ्या आणि चौथ्या रंगात असतो, कारण रचना उचलायला धार्मिक शब्द लागतच नाहीत. स्टालिनचे २६ जानेवारी १९२४ चे भाषण कविता नाही, पण सरावाला उत्तम. लेनिन आपल्याला सोडून जाताना अमुक करण्याची आज्ञा देऊन गेला, असे एक वाक्य. मग ‘कॉम्रेड लेनिन, आम्ही तुझ्यापुढे शपथ घेतो की ही आज्ञाही आम्ही सन्मानाने पाळू.’ पुन्हा नवी आज्ञा, पुन्हा तीच शपथ. देवाचे नाव कुठेही नाही. पण ‘आज्ञा’ला वापरलेला रशियन शब्द मोशेच्या दहा आज्ञांचा आहे, आणि पालुपद चर्चमधल्या प्रार्थनेच्या लयीत येते. हा वक्ता गोरीच्या चर्चशाळेत शिकला होता आणि १८९४ ते १८९९ तिफ्लिसच्या धर्मगुरू-विद्यालयात होता. ती लय त्याच्या कानात मुरलेली होती, आणि ऐकणाऱ्या बहुतेकांच्याही.

१९२४ मध्येच मायाकोव्स्कीने लिहिलेली ‘लेनिन जगला, लेनिन जिवंत आहे, लेनिन जगेल’ ही ओळ पुढे भिंतीभिंतींवर गेली. ती इब्री लोकांस पत्राच्या १३व्या अध्यायातल्या आठव्या वचनाशेजारी ठेवून पाहा: येशू ख्रिस्त काल, आज आणि युगानुयुग तोच आहे. इथे सांगाडा म्हणजे तीन काळ आणि एक नाव, बस्स.

४. दोन रकाने: एका सुनीतावर

आता मुख्य काम. वहीच्या पानाचे दोन रकाने करा. डावीकडे कवितेची ओळ, उजवीकडे धर्मग्रंथातला मूळ प्रसंग. उदाहरणाला गेरहार्ट शूमान या नाझी कवीचे एक सुनीत घेऊ. १९३५ च्या संग्रहातले, १४ ओळींचे. राजकीय विचारवंत एरिक फोएगेलिन यांनी १९३८ मध्ये व्हिएन्नात प्रसिद्ध केलेल्या, राजकारणाच्या धर्मरूपावरच्या पुस्तिकेत शूमानच्या कविता तपासल्या आहेत, तेव्हा हा मार्ग जुना आणि भरवशाचा आहे.

सुनीताचा आशय असा. रात्र आली. तो ‘एक’ उभा राहून झगडतो. डोळ्यांतून रक्त वाहते. दऱ्यांमधून भयाण आक्रोश शिखरापर्यंत चढतो. एका ओझ्याखाली तो थरथरतो, शेवटी ‘हुकूम’ त्याला गुडघे टेकायला लावतो. उठतो तेव्हा मस्तकाभोवती निवडलेल्याचे अग्नितेज आहे. मशाल घेऊन तो अंधारात खाली उतरतो. लाखो लोक निःशब्द वाकतात. मग एकाच शब्दाचे वाक्य: ‘तारले गेले.’ आकाश उजळते, सूर्य वाढतो, आणि सूर्याबरोबर राइख वाढते.

उजवा रकाना भरू. रात्रीचा झगडा आणि रक्त हे लूक २२:४४, गेथशेमाने बागेत येशूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडतो तो प्रसंग. शिखर, उतरणे आणि मुखाचे तेज हे निर्गम ३४, मोशे सीनायवरून खाली येतो तेव्हाचे. शेवटचा शब्द ‘राइख’, म्हणजे राज्य, हाही कानात घोळवा. जर्मन मुलाला तो शाळेआधी प्रभूच्या प्रार्थनेतून माहीत झालेला असे, ‘तुझे राज्य येवो’ या ओळीत. इथे दोन वेगळे प्रसंग, पुत्राचे दुःख आणि नियमदात्याचा अधिकार, एका माणसावर चढवले आहेत. चौदा ओळींत हिटलरचे नाव एकदाही नाही. नाव नसल्यामुळेच ते बसते; ऐकणाऱ्याने ते मनात भरायचे.

५. काय वगळले ते लिहा

बहुतेक वाचक दोन रकान्यांवर समाधान मानतात. तिसरा रकाना काढा: मूळात आहे आणि कवितेत नाही असे काय?

गेथशेमानेत येशू प्रार्थना करतो, ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे.’ तिथे ‘तू’ आहे. सुनीतात हुकूम आहे, हुकूम देणारा नाही. वर कोणीच नाही, म्हणून पुढे या नेत्याला जाब विचारायलाही कोणी उरत नाही. दुसरे, मोशे खाली येतो तेव्हा हातात दगडी पाट्या असतात. त्यांवर नियम लिहिलेले आहेत, ते वाचता येतात, आणि ते मोशेलाही लागू आहेत. शूमानचा नायक मशाल आणतो. मशालीवर काही लिहिलेले नसते. उद्या त्याने शब्द फिरवला तर दाखवायला लोकांकडे काहीच नाही. तिसरे, निर्गमातले लोक कुरकुर करतात, भांडतात, वासरू करून नाचतात, चुकतात, त्यांना शिक्षा होते आणि त्यांच्याशी पुन्हा करारही होतो. सुनीतातले लाखो फक्त वाकतात, तेही मुकाट्याने. आणि तारण कशापासून? पाप नाही, पश्चात्ताप नाही, क्षमा नाही. वाकले आणि तारले गेले, एवढेच.

हा तिसरा रकाना भरेपर्यंत कवितेबद्दल मत बनवू नका. ज्या धर्माची भाषा उचलली त्यात राजालाही तोंडावर दोषी म्हणणारा संदेष्टा असतो. दाविद राजासमोर संदेष्टा नाथान उभा राहतो. प्रचारकवितेत नाथान कधीच नसतो. तो कुठे होता आणि कसा काढून टाकला, हे प्रत्येक कवितेत शोधा.

६. कवितेला तुमच्याकडून काय हवे आहे?

चौथ्या रंगाची क्रियापदे आता एका ओळीत मांडा. बाल्डूर फॉन शिराख या हिटलर युवा संघटनेच्या प्रमुखाने लिहिलेल्या १९३३ च्या गाण्यात झेंडा पुढे फडकतो, मुले मागे चालतात, झेंडा अनंतकाळाकडे नेतो आणि शेवटी झेंडा मृत्यूहून मोठा ठरतो. म्हणणारी मुले पौगंडावस्थेतली. क्रियापदे काढली तर उरते चालणे आणि मरणे. ‘अनंतकाळ’ हा शब्द इथे शोभेचा नाही. तो चौदा वर्षांच्या मुलाला मरणाची भीती वाटू नये म्हणून ठेवला आहे. हे लिहून काढताना मन घट्ट करावे लागते, पण लिहून काढाच.

७. कवीचे चरित्र शेवटी

चरित्र आधी वाचले की कवितेतही तेच दिसू लागते, म्हणून इतका उशीर. पण वगळू मात्र नका, कारण एकाच भाषेमागे अगदी वेगळी माणसे असतात.

शिराख आणि शूमान हे सत्तेच्या आतले, मनापासून मानणारे. व्लादिमीर किरिलोव्हसारखा श्रमिक कवी १९१८ मध्ये ‘लोखंडी मसीहा’ लिहितो तेव्हा त्याचा मसीहा कोणी एक नेता नाही, अख्खा कामगारवर्ग आहे. १९३७ मध्ये त्यालाच गोळी घातली गेली. कझाक लोकगायक जाम्बूल जाबायेव नव्वदीच्या घरात असताना त्याच्या नावावरची स्टालिनस्तुती रशियन भाषांतरांतून देशभर पोचली. ती वाचताना त्यात गायकाचे किती आणि भाषांतरकाराचे किती हा प्रश्न सतत जागा ठेवा. १९३७ साली गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह याचेही त्याच्या नावाने वीरगान छापले गेले. येझोव्हला १९४० मध्ये मारले आणि ते गान गायब झाले.

आन्ना अख्मातोवाचे प्रकरण वेगळ्या कप्प्यात ठेवा. मुलगा लेव्ह १९४९ मध्ये पुन्हा पकडला गेला आणि १९५० मध्ये तिच्या स्टालिनस्तुतीच्या कविता एका साप्ताहिकात आल्या. त्यांच्याशेजारी तिची त्या आधीची, कैद्यांच्या आयांवरची कवितामाला ठेवा. मैत्रिणींनी पाठ करून जपलेली. तिच्यात ‘क्रूसारोहण’ नावाचा भाग आहे. पुत्र क्रूसावर आहे, आणि आई जिथे मुकी उभी आहे तिकडे पाहण्याची कोणाचीच हिंमत होत नाही. तोच धर्मग्रंथ, तीच राजवट, पण इथे तो सत्ताधाऱ्याच्या नव्हे, बळीच्या बाजूने वापरला आहे. दर पाच प्रचारकवितांमागे अशी एक कविता तरी वाचलीच पाहिजे, नाहीतर धार्मिक भाषा म्हणजेच प्रचार असा चुकीचा कान तयार होतो.

८. आवृत्त्या ताडा

अशा रचना नेत्याबरोबर बदलतात. सोव्हिएत राष्ट्रगीत हे सगळ्यात सोपे उदाहरण. १९४४ पर्यंत ‘इंटरनॅशनल’ हे कामगार चळवळीचे गीत गायले जाई, ज्यात कोणी परमतारक नाही, ना देव ना सम्राट, असे स्पष्ट म्हटले आहे. १९४४ च्या नव्या गीतात सेर्गेई मिखाल्कोव्ह आणि एल-रेगिस्तान यांनी लेनिनला वाट उजळणारा आणि स्टालिनला आपल्याला वाढवणारा केले. स्टालिननंतर काही वर्षे नुसती धून वाजत राहिली. १९७७ च्या शब्दांत स्टालिन नव्हता. आणि २००० साली त्याच धूनवर रशियासाठी त्याच मिखाल्कोव्हने नवे शब्द दिले, त्यांत मायभूमी ‘देवाने राखलेली’ आहे. तिन्ही संहिता एका कागदावर छापून घ्या.

चीनमध्ये हाच विरोध एकाच काळात नांदला. उत्तर शान्शी भागातल्या लोकधूनेवर रचलेल्या ‘पूर्व लाल झाली’ या गीतात माओ जनतेचा महान तारणारा आहे. सांस्कृतिक क्रांतीत ते जवळजवळ राष्ट्रगीत बनले, आणि २४ एप्रिल १९७० ला सोडलेल्या चीनच्या पहिल्या उपग्रहाने त्याचीच धून अवकाशातून ऐकवली. त्याच वर्षांत ‘इंटरनॅशनल’ही गायले जात होते, आणि त्याच्या चिनी शब्दांत कोणी तारणारा कधी नव्हताच असे आहे.

कुठे चुकते

प्रत्येक सूर्य देव नसतो. मध्य आशियात आणि इराणी परंपरेत राजाला सूर्य म्हणणे ही दरबारी स्तुतीची जुनी रीत आहे. जाम्बूलचा किंवा दागिस्तानच्या लोककवी सुलेमान स्ताल्स्कीचा सूर्य आधी त्या रीतीत तपासा, चर्चमध्ये नंतर.

मराठी कानाचा एक विशेष धोका आहे. आपल्याकडे भल्या माणसाला ‘देवमाणूस’ म्हणतात, डॉक्टरला ‘देवासारखे धावून आलात’ म्हणतात. त्यामुळे जिवंत माणसाच्या मस्तकाभोवती तेज हे आपल्याला सौम्य वाटू शकते. ल्युथरच्या बायबलवर वाढलेल्या जर्मन प्रॉटेस्टंट श्रोत्याला ते सौम्य नव्हते. शब्दाचे वजन त्या समाजाच्या तराजूवर करा.

उलट चूकही होते: धार्मिक रचना दिसली की हुकूमशाही दिसणे. अण्णा भाऊ साठे यांनी लोकनाट्याच्या सुरुवातीच्या गणात गणपतीऐवजी मायभू आणि शिवराय यांना वंदन केले. रचना वंदनाची, आराध्य बदललेले. पण पाचवी आणि सहावी पायरी लावून पाहा. ज्याला प्रश्न विचारता येत नाही असा सत्तेवरचा माणूस तिथे नाही, आणि ऐकणाऱ्याला मुकाट वाकायला कोणी सांगत नाही. दोन्ही प्रकारांत फरक करता आला पाहिजे, आणि तो शब्दांवरून कधीच करता येत नाही.

चौथी अडचण व्यवहारातली. नाझी गाण्यांचे पूर्ण मजकूर देणाऱ्या अनेक साइट त्या विचाराचे लोकच चालवतात. तिथल्या संहिता आणि टिपांवर विश्वास ठेवू नये. विद्यापीठांची ग्रंथालये, संग्रहालये, टीपा असलेल्या अभ्यासआवृत्त्या वापरा. जर्मनीत शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की होर्स्ट वेसेल गीतासारखी (हे नाझी पक्षाचे गीत) गाणी जाहीरपणे गाणे किंवा पसरवणे तिथल्या दंडविधानाच्या ८६-अ कलमाखाली गुन्हा आहे. अध्यापन आणि संशोधनाला सूट आहे, पण वर्गात वाजवण्याआधी आपल्या विभागाला विचारा, आणि समाजमाध्यमावर ध्वनिफीत टाकू नका. लेखात उद्धृत करताना दोन-तीन ओळी पुरतात. प्रत्येक उद्धृताला लागूनच, त्याच परिच्छेदात, तिसऱ्या रकान्यातली नोंद द्या.

एका कवितेला पहिल्यांदा तीन-चार बैठका लागतील, त्यातली जवळजवळ एक पूर्ण बैठक पाचव्या पायरीवर जाईल. दहा कविता झाल्यावर सगळे तिसरे रकाने एकाखाली एक लावा. क्षमा, जाब, संदेष्टा, लिखित नियम, कुरकुर करणारे लोक: यांतले काय प्रत्येक वेळी गायब आहे ते मोजा. राजवटींमधले फरकही तिथेच दिसतील, कारण जर्मन, सोव्हिएत आणि चिनी कवितांनी नेमक्या त्याच गोष्टी वगळलेल्या नाहीत.